झाकल्या मुठीचा लौकिक

आपल्या भाषेत मोठेपणाला शब्द पुष्कळ आहेत, आणि ते सगळेच एका मोलाचे नाहीत. कीर्ती, लौकिक, दबदबा, दरारा, वचक, जरब असे ते एका ओळीत मांडले, तर पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत जाता जाता प्रेमाचा अंश कमी होत जातो आणि भीतीचा वाढत जातो, असे कोणासही दिसून येईल. लौकिक हा शब्द तर लोकांपासूनच निघालेला आहे. ज्याच्याविषयी लोकांस बरेवाईट मोकळेपणी बोलता येते, त्याचाच लौकिक होऊ शकतो. ज्याच्याविषयी बोलण्यापूर्वी माणूस उठून दार लावून घेतो, त्याचा होतो तो दरारा. हा भेद शाळेतील मुलांसही कळतो. कोणत्या मास्तरांवर वर्गाचे प्रेम आहे, आणि कोणत्या मास्तरांच्या छडीमुळे वर्ग शांत आहे, हे त्यांस सांगावे लागत नाही. परंतु तीच मुले मोठी होऊन दिवाणखान्यात राजकारणावर बोलू लागली म्हणजे हा भेद विसरतात, आणि परदेशच्या एखाद्या सत्ताधीशाचा दरारा पाहून ‘काय त्याचा लौकिक!’ असे उद्गार काढतात, ही मोठी नवलाची गोष्ट आहे.

हा विचार आमच्या मनात येण्यास निमित्त झाले ते रशियाचे अध्यक्ष व्लादिमीर पुतिन ह्यांच्यासंबंधी आमच्या मित्रमंडळीत वारंवार होणाऱ्या वादाचे. रशियाविषयी आपणां मराठी माणसांना जुना जिव्हाळा आहे, आणि तो अकारण नाही. अण्णाभाऊ साठे ह्यांनी स्टालिनग्राडच्या लढ्यावर पोवाडा रचला. १९६१ साली ते स्वतः तो देश पाहून आले, आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ हे पुस्तक त्यांनी लिहिले. मॉस्कोत छापलेली, सुबक चित्रांची आणि नाममात्र किमतीची मराठी पुस्तके एके काळी आपल्याकडील कितीतरी घरांतील फडताळांत होती. १९७१ च्या ऑगस्टमध्ये त्या देशाशी आपला मैत्रीचा करार झाला, आणि त्याच वर्षीच्या युद्धात तो देश आपल्या बाजूस उभा राहिला, ही आठवण अजून पुसलेली नाही. तेव्हा त्या देशाच्या अधिपतीविषयी बोलताना आपला तराजू थोडासा कलता असावा, यात दोष मानण्याचे कारण नाही. मात्र तराजू कलता आहे हे वजन करणाऱ्याने लक्षात ठेवावे, एवढीच अपेक्षा.

आमचे एक स्नेही आहेत. पाटबंधारे खात्यात आयुष्य घालवून ते निवृत्त झाले. वाचन चौफेर, स्वभाव सरळ, आणि आकड्यांवर श्रद्धा. ते पुतिन ह्यांचे मोठे चाहते आहेत, आणि त्यांची बाजू इतकी नीट मांडतात, की ती ऐकून न घेता तिचे खंडन करणे हा अन्याय होईल. ते म्हणतात, “अहो, १९९१ नंतर त्या देशाची काय दैना झाली होती ती आठवा. गिरण्या बंद, कामगारांचे पगार महिनोन्‌महिने थकलेले, म्हाताऱ्यांचे निवृत्तिवेतन पोहोचत नाही, आणि राष्ट्राच्या खाणी व तेलाच्या विहिरी मूठभर धनिकांच्या घशात. १९९८ च्या ऑगस्टात तर रूबल कोसळला आणि सरकारने दिवाळे वाजविले. अशा वेळी १९९९ च्या शेवटच्या दिवशी हा मनुष्य गादीवर आला. त्याने पगार चालू केले, निवृत्तिवेतन चालू केले, धनिकांस वठणीवर आणले, आणि जगात खाली गेलेली मान वर केली. तुम्ही लेखणीवाले दोनचार वार्ताहरांचे दुःख घेऊन बसता. पण ज्या कोट्यवधींच्या घरी चूल पेटली त्यांचे काय?”

ह्या म्हणण्यातील पुष्कळ भाग खरा आहे. १९९० नंतरच्या दशकात रशियन प्रजेने फार हाल सोसले, आणि पुढच्या दशकात तिला बरे दिवस आले, ह्याविषयी वाद नाही. त्या बऱ्या दिवसांत तेलाचाही मोठा वाटा होता. १९९८ च्या अखेरीस पिंपामागे दहाएक डॉलरांवर आलेला तेलाचा भाव २००८ च्या जुलैत १४७ डॉलरांपर्यंत चढला, आणि विहीर आपोआप भरू लागली असता मोटकऱ्याचे कौतुक जरा बेताने करावे, असे पाटबंधारे खात्यातील गृहस्थास आम्ही सांगावयाचे म्हणजे धिटाईच झाली. तरीही क्षणभर सारे श्रेय पुतिन ह्यांसच देऊ. चूल पेटली हे पुण्य लहान नव्हे. आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ज्या कारभारातील जमेची बाजू आपण इतक्या तपशीलाने जाणतो, त्याची खर्चाची बाजू आपणांस कोणी सांगितली? आणि ज्यांनी सांगितली, त्यांचे पुढे काय झाले?

प्रथम दूरदर्शनाचे पाहा. पुतिन अध्यक्ष झाले तेव्हा रशियात एन्‌टीव्ही नावाची खाजगी मालकीची वाहिनी होती. चेचन्यातील युद्धाची खरी चित्रे ती दाखवी, आणि बाहुल्यांच्या एका विनोदी कार्यक्रमात राज्यकर्त्यांची थट्टाही करी. २००० च्या जूनमध्ये तिच्या मालकास अटक झाली. त्याच ऑगस्टात ‘कुर्स्क’ ही पाणबुडी बुडून ११८ खलाशी मेले. अध्यक्ष त्या वेळी सुटीवर होते आणि लगेच परतले नाहीत, म्हणून वाहिन्यांनी कडक टीका केली. २००१ च्या एप्रिलमध्ये गाझप्रॉम ह्या सरकारी वर्चस्वाखालील वायुकंपनीने एन्‌टीव्हीचा ताबा घेतला. कारण दाखविले ते कर्जाचे. कर्ज होते हेही खरे. परंतु ज्या सावकाराला नेमके टीकाकाराचेच कर्ज तेवढे आठवते, त्याच्या हिशेबी स्वभावाविषयी शंका येणे साहजिक आहे.

वाहिन्या अशा रीतीने हाती आल्यावर उरली ती काही थोडी वर्तमानपत्रे. त्यांतील ‘नोव्हाया गाझेता’, म्हणजे ‘नवे वर्तमानपत्र’, हे १९९३ साली निघाले. माजी अध्यक्ष गोर्बाचोव्ह ह्यांनी आपल्या नोबेल पारितोषिकाच्या रकमेतून ह्या पत्राला आरंभी संगणक घेऊन दिले होते. ह्याच पत्रात आन्ना पोलित्कोव्स्काया नावाच्या बाई चेचन्यातून बातम्या लिहीत असत.

पोलित्कोव्स्काया ह्यांचे लेखन कसल्या प्रकारचे होते हे सांगितले पाहिजे. कारण पत्रकार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मोठमोठ्या शब्दांनी सरकारवर तुटून पडणारा अग्रलेखकार उभा राहतो. ह्या बाई तशा नव्हत्या. त्या गावोगाव जात आणि विचारीत, की तुमचा मुलगा कोणत्या तारखेस, कोणत्या चौकीवरून, कोणत्या गाडीतून नेला? उत्तर मिळेल ते नावनिशीवार लिहून काढीत. हरवलेल्या चेचन तरुणांच्या आया त्यांच्याकडे येत, तशाच लढाईवर पाठविलेल्या रशियन शिपायांच्या आयाही येत. २००१ च्या फेब्रुवारीत, लष्कराने कैद्यांस जमिनीतील खड्ड्यांत कोंडून ठेविले आहे अशी तक्रार ऐकून त्या चेचन्यातील खातुनी येथे चौकशीस गेल्या, तेव्हा लष्कराने त्यांनाच अडकवून ठेवले. त्याच वर्षी ग्रोझ्नीतील एका तरुणाचा पोलिसांनी छळ केला व पुढे तो नाहीसा झाला, ही हकीकत त्यांनी प्रसिद्ध केली. त्यावरून त्यांस धमक्या आल्या, आणि काही काळ व्हिएन्नास जाऊन राहावे लागले. परंतु त्या लेखनाने लागलेला धागा तुटला नाही. २००५ साली त्या प्रकरणातील पोलीस अधिकाऱ्यास अकरा वर्षांची शिक्षा झाली. ज्या युद्धात असे खटले क्वचितच उभे राहिले, तेथे एका बाईच्या टिपणवहीने एवढे काम केले.

२००२ च्या ऑक्टोबरात मॉस्कोतील एका नाट्यगृहात चेचन बंडखोरांनी शेकडो प्रेक्षक ओलीस धरले, तेव्हा बोलणी करण्यासाठी पोलित्कोव्स्काया आत गेल्या, आणि ओलिसांसाठी पाणी व फळांचा रस पोहोचविण्याची परवानगी त्यांनी मिळविली. २००४ च्या सप्टेंबरात बेस्लानच्या शाळेत मुले ओलीस असता त्या तिकडे विमानाने निघाल्या. विमानात चहा घेतल्यावर त्यांची शुद्ध हरपली व त्या बेस्लानला पोहोचल्याच नाहीत. शेवटी ७ ऑक्टोबर २००६ रोजी बाजारहाट करून घरी परतत असता, मॉस्कोतील आपल्या इमारतीच्या उद्वाहकात त्या गोळ्या घालून मारल्या गेल्या. त्यांचे वय अठ्ठेचाळीस होते. तो दिवस पुतिन ह्यांच्या वाढदिवसाचा होता. ह्या योगायोगावरून पुष्कळांनी पुष्कळ तर्क बांधले. आम्ही बांधीत नाही. आमच्या कामास त्याची जरुरी नाही.

जरुरी आहे ती त्यानंतर तीन दिवसांनी जर्मनीत पुतिन ह्यांनी काढलेल्या उद्गारांची. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता, की रशियाच्या राजकीय जीवनावर ह्या बाईंचा प्रभाव अगदीच नगण्य होता, आणि त्यांच्या लेखांपेक्षा त्यांच्या खुनानेच सरकारचे अधिक नुकसान झाले. खुनाचा निषेधही त्यांनी केला, हे सांगणे न्याय्य आहे. परंतु ज्या राज्यात आपल्या प्रजाजन असलेल्या एका बाईचा दिवसाढवळ्या खून होतो, त्या राज्याच्या मुख्याने प्रथम तिची किंमत ठरवावी, आणि ती शून्याच्या आसपास ठरवावी, हे ऐकून आम्हांस आपल्याकडील ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आठवली. जे लिखाण नगण्य होते, ते लिहिणारा हात थांबविण्यासाठी कोणी एवढा खटाटोप का केला असावा? मूठ उघडणाऱ्याची भीती कोणाला वाटते, हे सांगण्यास पंडित नको.

येथे आमचे स्नेही आम्हांस अडवितात. “हा खून पुतिन ह्यांनी करविला असे सिद्ध झाले आहे काय?” नाही, तसे सिद्ध झालेले नाही, आणि सिद्ध न झालेला आरोप आम्ही कोणावर ठेवू इच्छीत नाही. २०१४ साली मॉस्कोच्या न्यायालयाने ह्या खुनाबद्दल पाच जणांस दोषी ठरविले. गोळ्या झाडणारा सापडला, मदत करणारे सापडले. पण सुपारी देणारा कोण, हे त्या निकालात आले नाही. २०१८ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने असा निर्णय दिला, की खून करविणाऱ्याचा शोध घेण्याचे कर्तव्य रशियाच्या सरकारने नीट बजावले नाही. आणि ज्या माजी पोलीस अधिकाऱ्यास ह्या खटल्यात वीस वर्षांची शिक्षा झाली होती, तो युक्रेनच्या युद्धात लढल्यामुळे त्यास माफी मिळाली, अशी बातमी २०२३ साली बाहेर आली. तेव्हा ‘सिद्ध झाले आहे काय?’ हा प्रश्न बिनतोड दिसतो खरा. परंतु सिद्ध करण्याची साधने ज्याच्या हाती होती, त्यानेच ती सतरा वर्षे वापरली नाहीत, आणि जे थोडे सिद्ध झाले होते त्याचीही शिक्षा शेवटी सोडून दिली, हे विसरल्यावरच तो बिनतोड ठरतो.

शिवाय ही एकच मूठ नव्हे. त्याच वर्तमानपत्राचे इगोर दोम्निकॉव्ह २००० साली डोक्यात हातोड्याचे घाव बसून मेले. लाचलुचपतीची प्रकरणे धसास लावणारे युरी श्चेकोचिखिन २००३ साली अशा विचित्र आजाराने गेले, की त्याचा उलगडा झालाच नाही. त्या पत्राशी संबंध असलेले वकील स्तानिस्लाव मार्केलॉव्ह आणि पंचवीस वर्षांची वार्ताहर अनास्तासिया बाबुरोवा ह्या दोघांना २००९ च्या जानेवारीत मॉस्कोच्या भर रस्त्यात गोळ्या घातल्या. त्याच वर्षीच्या जुलैत पोलित्कोव्स्काया ह्यांच्या सहकारी नातालिया एस्तेमिरोवा ह्यांना ग्रोझ्नीत घरासमोरून पळवून नेले, आणि त्यांचे प्रेत सापडले. ह्या सर्वांचे मारेकरी एक नव्हते. बाबुरोवा व मार्केलॉव्ह ह्यांच्या खुनाबद्दल तर उग्र राष्ट्रवादी गटातील दोघांस शिक्षाही झाली. तथापि एका वर्तमानपत्राच्या कचेरीतील भिंतीवर एका दशकात सहा तसबिरी लागाव्यात, हे त्या देशाच्या हवामानाविषयी काही सांगते की नाही?

“पण पत्रकार कोणत्या देशात मरत नाहीत? आपल्याकडे मरत नाहीत काय?” हा आमच्या स्नेह्यांचा शेवटचा आणि सर्वांत जड प्रश्न. मरतात. २०११ साली मुंबईत पवईला ज्योतिर्मय डे ह्यांना गोळ्या घातल्या. २०१७ साली बंगळुरात गौरी लंकेश ह्यांना त्यांच्या घराच्या दारात मारले. २०२३ च्या फेब्रुवारीत रत्नागिरी जिल्ह्यात राजापूर येथे शशिकांत वारिशे गाडीच्या धडकेने मेले, आणि पोलिसांनी तो खून म्हणून नोंदविला. रिफायनरीच्या वादाच्या बातम्या देणारे हे आपलेच मराठी वार्ताहर. तेव्हा आपला वाडा काचेचा नाही असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु ह्या प्रश्नातून निष्कर्ष काय काढावयाचा? आमचे स्नेही असा काढतात, की सर्वत्र असेच चालते, म्हणून रशियात चालले तर बिघडले काय. आम्ही उलट काढतो. दूरच्या देशातील खुनास ‘राज्य चालवावयाचे म्हणजे असे व्हायचेच’ म्हणून खांदे उडविण्याची जी सवय आपण दिवाणखान्यात बसून लावून घेतो, तीच राजापूरची बातमी वाचताना आपल्या कामास येते. परक्याच्या बाबतीत बोथट झालेले मन घरच्या बाबतीत पुन्हा तीक्ष्ण होत नाही. ह्या एका कारणासाठी आम्हांस हा वाद निव्वळ करमणुकीचा वाटत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. पुतिन ह्यांची लोकप्रियता आकड्यांनी दाखविता येते, असे त्यांचे चाहते म्हणतात; मतपाहणीत शेकडा इतके लोक त्यांच्या बाजूचे आहेत, म्हणून सांगतात. आकडे खोटे आहेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु ४ मार्च २०२२ रोजी त्या देशात जो कायदा झाला, त्याने लष्कराविषयी ‘खोटी’ ठरविलेली माहिती प्रसिद्ध करणाऱ्यास पंधरा वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद केली. युक्रेनवरील स्वारीस ‘युद्ध’ म्हणू नये, अशी ताकीद वर्तमानपत्रांस त्यापूर्वीच मिळाली होती. अशा वेळी अनोळखी माणूस टेलिफोनवर ‘राज्यकर्त्यांविषयी आपले मत काय?’ असे विचारतो, तेव्हा उत्तर देणाऱ्याच्या मनात काय चालले असेल, हे ज्याने त्याने स्वतःस त्याच्या जागी कल्पून पाहावे. कदाचित तो मनापासूनच ‘चांगले’ म्हणत असेल. पण हे कळावयाचे कसे? आमच्या मते वार्ताहरांचे तोंड बंद करणाऱ्या राज्यकर्त्याचे सर्वांत मोठे नुकसान येथेच होते. त्याने जे खरोखर चांगले केले असेल, तेही मग कोणास खात्रीने कळेनासे होते. ज्या वहीची खर्चाची पाने फाडलेली आहेत, त्या वहीतील जमेचा खरा आकडादेखील कोणी प्रामाणिक हिशेबनीस मान्य करीत नाही. रशियन म्हाताऱ्यांस निवृत्तिवेतन मिळाले हे आज आपण मानतो, ते ज्या काळात ‘मिळाले नाही’ असे लिहिण्याची सोय होती त्या काळाच्या साक्षीवर. ती सोय गेल्यावर ‘मिळाले’ ह्या शब्दाचेही मोल गेले.

पोलित्कोव्स्काया ह्यांच्या खुनास पंधरा वर्षे पुरी झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ८ ऑक्टोबर २०२१ रोजी, ‘नोव्हाया गाझेता’चे संपादक दिमित्री मुरातॉव्ह आणि फिलिपीन्सच्या पत्रकार मारिया रेसा ह्यांस शांततेचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. मुरातॉव्ह म्हणाले, की हा मान आपला नसून त्या सहा जणांचा आहे. पुढल्याच वर्षी, २८ मार्च २०२२ रोजी, सरकारी ताकिदी आल्यामुळे त्यांस पत्राचे प्रकाशन थांबवावे लागले. एप्रिलमध्ये आगगाडीच्या डब्यात त्यांच्या अंगावर व डोळ्यांत लाल रंग फेकण्यात आला. जूनमध्ये त्यांनी नोबेलचे सुवर्णपदक लिलावात काढले, आणि त्याचे आलेले दहा कोटी पस्तीस लक्ष डॉलर युक्रेनच्या निर्वासित मुलांसाठी दिले. सप्टेंबरात पत्राचा परवानाच न्यायालयाने रद्द केला. त्यांचे काही सहकारी देश सोडून गेले आणि परदेशातून तेच काम करू लागले.

आमच्या स्नेह्यांचे मत आम्ही पालटू शकलो नाही, आणि पालटलेच पाहिजे असा आमचा आग्रहही नाही. पुतिन ह्यांस थोर म्हणण्याचा अधिकार त्यांस आहे. तो अधिकार त्यांनी आपल्या घरी बसून निर्भयपणे बजावावा. फक्त तो बजावताना त्यांनी एक साधी चौकशी करावी, अशी आमची त्यांस व वाचकांस विनंती आहे. कोणत्याही देशाच्या, कोणत्याही पक्षाच्या, कोणत्याही पुढाऱ्याची स्तुती कानावर आली, की ती करणाऱ्याला हेच तोंड उघडून त्याच गावात त्याच पुढाऱ्याची निंदाही करता आली असती काय, आणि करून तो संध्याकाळी बाजारची पिशवी घेऊन आपल्या घरी सुखरूप पोहोचला असता काय, एवढे पाहावे. पोहोचला असता, तर ती स्तुती खुशाल लौकिकात जमा करावी. नाहीतर तिला जो आपला जुना शब्द आहे, तोच वापरावा.